चंद्र दिसल्यावरची रजा

शेतोऊ गावातल्या आमच्या मोज्यांच्या कारखान्यात आम्ही चौदा जणं, आणि चौदाही जणांच्या रजा सुलुआन मावशीच्या हातात. ती आमची मुकादम. बुटकी, रुंद खांद्यांची, आवाज खणखणीत. चाळीस वर्षं विणकामाच्या मशिनांच्या खडखडाटात बोलून तिला हळू बोलणं जमेनासंच झालं होतं. तिचे यजमान, शुईमू काका, म्हणायचे, "अगं, मी मशीन नाही, मला ऐकू येतं." काकांची पेरूची बाग होती. सुट्टीच्या दिवशी मावशी तिथे एकेका पेरूला पिशवी बांधायची.

रजेच्या बाबतीत ती कडक होती. नवीन वर्षाला कारखाना नऊ दिवस बंद असतो, पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायला एक दिवस मिळतो, शरदातल्या पौर्णिमेला मिळतो. आणखी काय पाहिजे माणसाला, असं तिचं म्हणणं. मालक लिऊ तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तेही तिला ताई म्हणायचे आणि रजेच्या भानगडीत पडायचे नाहीत.

दार्सिनी जावाहून आमच्याकडे आली, त्याला आता सहा वर्षं झाली. घरी आई आणि दोन मुलं ठेवून आलेली. मोज्याचं बोटांकडचं तोंड शिवायच्या मशिनवर तिचा हात पहिल्या महिन्यातच बसला. पहिल्या वर्षी ईदच्या दोन दिवस आधी ती मावशीपुढे येऊन उभी राहिली.

"मावशी, बुधवारी आमचा सण आहे. एक दिवस मिळेल का?"

"या आठवड्यात? शुक्रवारी जपानचा माल जायचाय! नवीन वर्षाचे नऊ दिवस मिळाले ना तुला? तोच तुझा सण समज."

दार्सिनी "हो" म्हणाली. तेव्हा ती सगळ्यालाच हो म्हणायची.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी आणि मावशी सुताची खोकी आणायला मागच्या खोलीत गेलो. खोक्यांच्या आडोशाला दार्सिनी बसली होती. समोर फोन टेकवून ठेवलेला, त्यात तिची आई आणि दोन मुलं, तिघंही नवे कपडे घालून ओळीत उभी. तिनं अ‍ॅप्रन काढून ठेवला होता. आत हिरवागार नवा झगा, गळ्याशी सोनेरी कशिदा. फोनसमोर ती हसत होती, हात हलवत होती. आमच्याकडे तिची पाठ होती. मावशीनं माझा दंड धरला आणि आम्ही खोकी न घेताच परत फिरलो.

दुपारभर मावशीचं कशात लक्ष नव्हतं. शेवटी मला म्हणाली, "सकाळी तो झगा घातला, वरून अ‍ॅप्रन चढवला आणि माझ्या नाकासमोरून जाऊन कामाला बसली गं. मी तिला सुप्रभातही म्हटलं."

दुसऱ्या दिवशी ती सरळ दार्सिनीच्या मशिनपाशी गेली. "काल माझी चूक झाली. पुढच्या वर्षी मला दोन महिने आधी सांग. मी विसरले तर माझ्यावर ओरड."

"मला ओरडता येत नाही, मावशी."

"शिकवते."

मावशी तेवढ्यावर थांबली नाही. त्या महिन्यात ती हातात कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन एकेकाकडे गेली. वर्षातला तुझा असा कुठला एक दिवस आहे, जो चुकला तर तुला रुखरुख लागेल? आधी सगळे हसले. मग एकानं भूमिदेवाचा वाढदिवस सांगितला, एकानं वडिलांची पुण्यतिथी. मी माझ्या आजोळच्या देवळातल्या जत्रेचा दिवस सांगितला. बाओचू मात्र इस्त्रीवरून मान वर करेना. ती मावशीच्याच वयाची, मोजे इस्त्री करणारी, वीस वर्षं आमच्यात असलेली.

"बोल ना," मावशी म्हणाली. "का तुला काहीच नको?"

"पंचवीस डिसेंबर," बाओचू पुटपुटली.

"डिसेंबरात काय? तेव्हा तर तुझं पोट दुखतं. दर वर्षी घरी बसतेस." बोलता बोलता मावशी थांबली. "थांब. बाओचू, तू ख्रिस्ती आहेस?"

"आजीपासून. इथे सगळे धूप लावणारे. म्हटलं, कशाला उगाच चर्चा."

"वीस वर्षं मी तुझ्यासाठी आल्याचा काढा करून आणला, आणि तू तो प्यायलीस?"

"दर वर्षी. फार तिखट असायचा, सुलुआन."

सगळा कारखाना हसला. बाओचू डोळे पुसत हसत होती.

दुसऱ्या वर्षी दार्सिनीनं खरोखर दोन महिने आधी सांगितलं. तोवर तिच्या गावची कास्नितीही आली होती. पण आता घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. मालकांना तारीख हवी होती.

"बुधवार किंवा गुरुवार," दार्सिनी म्हणाली. "आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला की ठरतं."

"किंवा म्हणजे?" मालक मावशीकडे वळले. "ताई, दोन मशिनं बंद राहणार. कधी, ते मला आदल्या संध्याकाळी कळणार? ज्याला स्वतःची तारीख माहीत नाही, तो कसला सण?"

आमचे मालक दर वसंतात माझू देवीच्या पालखीमागे पायी जातात. पायाला फोड आणून, उन्हानं काळे होऊन परततात आणि पुढे महिनाभर तेच सांगत बसतात. मावशीनं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"मालक, तुमची पालखी निघायची तारीख कोण ठरवतं?"

"देवी. तिच्यापुढे कौल लावतात."

"आणि रस्ता?"

"तोही तिचाच. चौकात पालखी जिकडे वळेल तिकडे." एवढं बोलल्यावर मालकांच्या लक्षात आलं. ते मान खाली घालून हातातला चहाचा पेला फिरवत बसले.

"परत कधी येणार, ते मी दर वर्षी तुम्हाला विचारते," मावशी म्हणाली. "तुम्ही काय सांगता?"

"देवीला माहीत," मालक म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. "बरं, बरं. दोन्ही दिवस पेन्सिलनं लिहा."

मंगळवारी संध्याकाळी आम्ही हात धूत होतो, तेव्हा दार्सिनीला फोन आला. "मावशी, चंद्र नाही दिसला."

"नाही दिसला?" गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं मावशी म्हणाली. "मग उद्या या! परवा जा!"

त्या दोघी आणखी एक दिवस रोजा धरून, उपाशीपोटी कामावर आल्या. मावशीनं त्या दिवशी आम्हाला त्यांच्यासमोर पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. गुरुवारी त्या तायचुंग शहरातल्या मशिदीत गेल्या. दार्सिनीच्या मशिनवर मावशी बसली, कास्नितीच्या मशिनवर बाओचू. मावशीचे डोळे आता बारीक कामाचे राहिले नव्हते. दुपारपर्यंत टोपलीत निम्मासुद्धा माल पडला नव्हता. तीनच्या सुमाराला मालक आले, बाह्या सारल्या आणि जोड्या लावायला बसले. त्यांनी मोठ्या मापाचे मोजे लहानांबरोबर लावून ठेवले.

"शंभर कोस चालता येतं," मावशी म्हणाली, "दोन मोजे जुळवता येत नाहीत."

माल एक दिवस उशिरा गेला. कुणी काही म्हणालं नाही. पुढच्या वर्षापासून ईदच्या दिवशीचा माल आधीच निघावा म्हणून आम्ही रमजानच्या महिन्यात रोज अर्धा तास जास्त थांबायला लागलो. मावशीनं सांगितलं नव्हतं, आपसूकच सुरू झालं.

गेल्या वर्षी ईदच्या तीन आठवडे आधी शुईमू काका बागेत काम करता करता कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्याकडे सुतक असलेल्या माणसानं दुसऱ्याच्या उंबऱ्याला पाय लावायचा नसतो, आणि दुसरेही त्याच्या घरी जायचं टाळतात. मावशी कामावर येईना. "माझं सुतक तुमच्या मालाला कशाला?" एवढंच फोनवर म्हणाली. एरवी चार घरं ओलांडून ऐकू येणारा तिचा आवाज फोनवरही नीट ऐकू येत नव्हता. मी दोनदा फाटकाशी डबा ठेवून आले. आत गेले नाही. मला आत्तासुद्धा त्याची लाज वाटते.

ईदच्या दिवशी दुपारी दार्सिनी आणि कास्निती मशिदीतून थेट माझ्या दारात आल्या. "मावशीच्या घरी ने," दार्सिनी म्हणाली.

"तिथे सुतक आहे गं. आजच्या शुभ दिवशी..."

"आमच्यात ईदला अशाच घरी आधी जातात."

मी त्यांना घेऊन गेले. मावशीनं दार उघडलं आणि दोघींचे नवे कपडे पाहून दोन्ही हात आडवे धरले. "नका, नका येऊ आत! तुमचा सण आहे. इथे येणं वाईट असतं."

दार्सिनी त्या हातांखालून वाकून आत गेली, मागोमाग कास्निती. दार्सिनीनं मावशीला खुर्चीत बसवलं, स्वतः जमिनीवर गुडघे टेकले आणि तिचा हात कपाळाला लावला. "चुकलंमाकलं माफ करा, मावशी."

"तुझं काय चुकलंय?"

"असं मोठ्यांना म्हणायचं असतं. मग मोठ्यांनीही म्हणायचं."

मावशीनं दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "माझंही माफ कर," आणि रडायला लागली. अंत्यविधीला ती रडली नव्हती. मी पाहिलं होतं.

मी चपला काढल्या आणि आत गेले.

कास्नितीनं विचारलं, "काका कसे गेले?" तीन आठवड्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मावशी सांगत बसली. सकाळी त्यांनी काय खाल्लं, कुठल्या झाडाखाली पडले, टोपी कुठे सापडली. घरात द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पेरू कापले. आम्ही चौघींनी ताटलीभर पेरू संपवले आणि तिनं आणखी कापले.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. समोरच्या घरातली बाई तिच्या पायरीवर भाजी निवडत होती. मावशीच्या दारातून तीन माणसं हसत बाहेर पडताना तिनं पाहिली. हातातली जुडी खाली ठेवली, जरा घुटमळली, मग रस्ता ओलांडून फाटकाशी आली.

"सुलुआन," तिनं हाक मारली, "जेवलीस का गं?"

"नाही अजून," मावशी म्हणाली. "ये ना."