तिसऱ्या दिव्याची मान

श्रावणातल्या एका बुधवारी सकाळी माझी पत्नी सुमन परसदारी कोसळली आणि दुपारी शहापूरच्या दवाखान्यात वारली. मी शाळेत होतो. शिपायाने वर्गात येऊन निरोप दिला, मी खडू ठेवला आणि निघालो. दवाखान्याच्या पायरीवर आमच्या शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. त्याला आता काही आठवडे झाले. लिहायचे ते तिच्याविषयी, पण बसलो की मला घरातल्या त्या तीन दिव्यांविषयीच लिहावेसे वाटते...

पाच-सहा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी साड्या घ्यायला आम्ही कल्याणला गेलो होतो. दुकानातला माणूस साड्यांच्या घड्या मोडत होता आणि सुमन मान वर करून छताकडे पाहत होती. तिथे एका लांब काळ्या पट्टीवर ओळीने दिवे होते. दुकानदाराने एक दिवा बोटभर सरकवला, त्याची मान वळवली आणि उजेड नेमका शालूच्या काठावर पाडला. सुमनने साडी बाजूला ठेवून विचारले, "हा दिवा न्याल तिकडं येतो काय हो?" परतताना मी तिची थट्टा केली, "घराचं काय साड्यांचं दुकान करायचंय?" ती म्हणाली, "करू की! तुमची पुस्तकं काळोखात पडल्यात, ती तरी कोणाला दिसतील."

ती म्हसा गावाकडची, मुरबाड तालुक्यातली. आटगावजवळच्या आमच्या कौलारू घरात पावसाळ्यात भर दुपारीही अंधार असतो. नव्याने लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याविषयी बोलत असे आणि मी कंदिलाच्या उजेडात शिकून मोठ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी सांगत असे. त्या दिवाळीत तिने पट्टी आणि तीन दिवे आणले. वायरमनला बोलवू या म्हटले, तर म्हणाली, "तो गणपतीला येतो सांगून शिमग्याला येल." मग एका रविवारी आम्हीच ते काम काढले. आम्ही म्हणजे ती. मी स्टूल धरले होते.

लाइट गेलेली होती. भारनियमनाची वेळ साधून काम उरकावे ही माझी कल्पना. तिने आधी फ्यूज काढला आणि कनवटीला खोचला. मी म्हणालो, "लाइट गेलेलीच आहे, फ्यूज कशाला काढतेस?"

"मास्तर, गेलेली लाइट येताना तुमाला इचारून येते काय?"

गेरूत बुडवलेली सुतळी तुळईवर ताणून तिने सरळ रेघ मारली. तुळई जुनी, मधेच पोट सुटलेली. जिथे पट्टी टेकेना तिथे बांबूच्या चिपा सरकवल्या आणि मग स्क्रू पिळले. लाइट आल्यावर तिने फ्यूज बसवला. दोन दिवे लागले, तिसरा लागेना. तिने तो काढून पाहिला, "उलटा बसवलाय मीच," म्हणाली आणि फिरवून पुन्हा बसवला. घर उजळले. मग स्टुलावरूनच तिने वाटणी केली. दोन दिवे माझ्या पुस्तकांकडे आणि टेबलाकडे, तिसरा तिच्याकडे. "दोन तुमाला, एक मला. नंतर भांडायचं नाय."

आम्ही भांडलो नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर आले, तेव्हा मी तिसरा दिवाही टेबलाकडे सरकवला. चार दिवसांपुरता. पेपर संपले, मग एक जाड ग्रंथ हाती आला, मग दुसरा... तो दिवा टेबलाकडेच राहिला आणि ती वाटणी मी विसरलो.

शाळा सुटल्यावर मी गावातल्या वाचनालयात बसतो, आठाच्या सुमारास घरी येतो. मी येई तेव्हा ती चुलीपाशी असे. कधी कधी तिसऱ्या दिव्याची मान टेबलाकडून भलतीकडेच वळलेली दिसे. मला वाटे, सांधा सैल झालाय. मी ती पुन्हा वळवून घेई. एकदा वैतागून तिला म्हणालो, "हा दिवा सारखी मान टाकतो." ती म्हणाली, "असंल." मग मी पकड घेऊन तो सांधा इतका आवळला की बोटांनी हलू नये. ती खालून पाहत होती.

स्मशानातून परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्याकडे माणूस गेले की दहा दिवस घरात समई तेवत ठेवतात. घरात जीव गेला असता, तर समई त्याच जागी ठेवली असती. सुमन दवाखान्यात वारलेली. तिचा थोरला भाऊ नामदेवदादा समई हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, ती रोज बसायची कुठं? तिथंच ठेवू."

मला सांगता येईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी येयाची ती परसातनंच जायाची वो, आत कधी बसलेच नाय." सगळे माझ्याकडे पाहत होते. संसाराला एकवीस वर्षे झाली होती.

व्होल्टेज कमी होते, ट्यूब नुसती लुकलुकत होती. दादा म्हणाला, "ते साड्यांच्या दुकानाचे दिवे लावा, कायतरी दिसंल." मी बटण दाबले. दोन दिव्यांचा पिवळट उजेड पुस्तकांवर पडला. तिसऱ्याचा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, भिंतीला लागून. सकाळी मी शाळेत गेल्यावर ती तिथे शिवायला बसली असणार; उठून परसात गेली, तेव्हा मान परत वळवायची राहिली होती. उजेडात तिथली फरशी बाकीच्या जमिनीपेक्षा गुळगुळीत दिसली. भिंतीवर पाठ टेकून टेकून रंग गेलेला. शेजारी अर्धवट शिवलेली गोधडी आणि तिच्यात अडकवलेली सुई. मी पांघरतो ती गोधडीही तिनेच शिवलेली.

"मला एकदा सांगायचं होतं तिनं," मी म्हणालो.

दादाने समई त्या उजेडात ठेवली. "सांगितलं असतं तर तुमी उठून दिवा फिरवला असता. वाचन मोडलं असतं ना तुमचं. आमच्यात ही एकच आशी. मागल्या दारानं करंल, पण मागायची नाय."

दहाव्यानंतर एका दुपारी मी स्टुलावर चढलो. दिव्याच्या सांध्यावरचा काळा रंग खरवडून निघालेला होता. मी पकडीने आवळलेली मान ती सांडशीने वळवत होती. भाताचे पातेले उतरवायची ती सांडशी; त्या सांडशीच्या दातांचे ओरखडे एकमेकांना लागून दोन्ही बाजूंना आहेत. एवढे की मोजत बसलो नाही. तिच्याकडे वळवल्याचे ओरखडे आणि मी यायच्या आत पुन्हा माझ्याकडे वळवल्याचेही.

समई आता देव्हाऱ्यात परत गेली आहे. गोधडी दादाच्या सुनेने पुरी करायला मागितली होती, मी दिली नाही. संध्याकाळी मी दोन दिव्यांत वाचतो. तिसरा उंबऱ्याशीच लागतो.