गगनकवचाचे छत्रीवाले

लेथ मशीनखाली धातूचा कीस साचतो ना, तसे हे किस्से साचतात. झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग! गेल्या वर्षी गगनकवच बंद झालं, तेव्हापासून दोस्तमंडळी भेटली की हेच सुरू. शत्रूचं क्षेपणास्त्र वरच्या वर उडवणारे ते उपग्रह इतकी वर्षं आपल्या डोक्यावर फिरले, एकदाही वापरायची वेळ आली नाही. त्यांची सोलर पॅनलं उघडणाऱ्या स्प्रिंगा अंधेरीत, माझ्या गाळ्यात बनायच्या!

पण बोलायची बंदी. "कोणी विचारलं तर छत्रीच्या स्प्रिंगा सांगा. घरीसुद्धा!" असा वरून हुकूम.

आमचे कारागीर तावडे यात पार भरडले गेले. नाहूरला घरी वहिनींचा टोमणा ठरलेला, तोही दार उघडं टाकून मोठ्यानं, "माज्या भयणीचो घोव बँकेत सायब, नि आमचे हे छत्रीवाले!" तावडे मला म्हणायचे, "शेठ, मरायच्या आत एकदा तिला खरं सांगायचंय."

*

पावसाळ्यात गाळ्यासमोर दुरुस्तीला आलेल्या छत्र्यांची लाइन! नाही कसं म्हणणार? वर्सोव्याच्या एका कोळीणबाईंच्या छत्रीत तावडेंनी घाईत उपग्रहाचीच स्प्रिंग बसवली.

दुसऱ्या दिवशी बाई दारात. "शेट, बटन दाबलं नि छत्री गिऱ्हाइकाच्या अंगावर! बाजार उठला रं माझा!"

*

मी शाळेत फार टिकलो नाही, धंदा गिऱ्हाइकांनीच शिकवला. पहिल्या ऑर्डरला गगनकवचाच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "गॅरंटी काय?"

सवयीनं बोलून गेलो, "बिघडली तर घेऊन या साहेब, लगेच बदलून देतो!"

साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आकाशाकडे.

*

एका दसऱ्याला तावडेंनी मशीनबरोबर तयार स्प्रिंगांनाही कुंकू लावलं. तपासणीच्या मॅडमनी अख्खा लॉट परत केला. "तावडे, हे वर जाऊन कॅमेऱ्यावर बसलं तर वाट लागली!"

पुढच्या दसऱ्याला मॅडम स्वतः माल न्यायला आल्या. सीलबंद डबा उलटसुलट बघितला. म्हणाल्या, "बाहेरून लावा. आणि जरा जास्त लावा."

*

बंदी उठली त्या दिवशी तावडे मला घेऊनच नाहूरला गेले. एकट्याचा धीर होईना. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आयक गो," तावडे म्हणाले, "मी छत्रये कधी बनवलंयच नाय. आमचा काम..."

"ठावक हा माका." वहिनींनी मानही वर केली नाही. "टीव्हीवर रॉकेट उडायचा, त्या दिवशी तुमच्या घशाखाली घास उतरत नाय होतो."

तावडे रडवेले झाले. "मगे इतकी वरसां छत्रीवालो, छत्रीवालो म्हणान माजी लाज कित्याक काढलंस?"

"शेजारी आयकत नाय होते?"