मणक्याचा टीबी आणि एकाच साच्यातल्या दोन गोळ्या

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "पण फुप्फुसाचा नाही, मणक्याचा."

समोरच्या स्क्रीनवर माझाच एमआरआय होता. पाठीच्या मधोमध दोन मणके कुरतडल्यासारखे दिसत होते, त्यांच्यामधली गादी जवळजवळ नाहीशी झाली होती. मागच्या बाजूला साठलेला पू मज्जारज्जूला टेकला होता. या आजाराला पॉट्स स्पाइन म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

माझे मिस्टर संजय शेजारी बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "तिला चालता येईल ना?"

"आज येतंय. ते टिकवायचं आहे. पायातली ताकद कमी व्हायला लागली तर ऑपरेशन करावं लागेल. तोवर गोळ्यांवर भरवसा ठेवू."

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाठ कित्येक महिने दुखत होती, पण फळ्यासमोर उभं राहणाऱ्या कुणाची दुखत नाही? कळंब्याहून रोज स्कूटरनं जायचं, रस्ते हे असे, म्हणून दुखणारच, असं मी धरून चालले होते. संध्याकाळी अंगात कणकण असायची. वजन उतरत होतं, आणि स्टाफरूममध्ये मैत्रिणी विचारत होत्या, "काय डाएट करतेस गं?" मला बरंसुद्धा वाटायचं. मग एक दिवस जिना उतरताना गुडघे लटपटले आणि मी कठड्याला धरून खाली बसले.

तुमच्यापैकी कुणाला पाठदुखीबरोबर ताप येत असेल, भूक गेली असेल, तर नुसता बाम चोळत बसू नका. एवढं आधीच सांगून ठेवते.

पुढचा आठवडा सगळ्यात वाईट गेला. सीटी स्कॅनवर बघत बघत सुईनं मणक्यातला बारीकसा तुकडा काढला. याला बायॉप्सी म्हणतात. दुखलं, पण सोसवण्याइतपत. सोसवत नव्हतं ते वाट बघणं. जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारा आहे की नाही, हे त्या तुकड्यावरून कळणार होतं. निकाल आला तेव्हा फोनवर डॉक्टरांचा आवाजच हलका होता. "दाद देतोय. उद्यापासून सुरू करू."

त्याच दिवशी हुपरीहून आक्का आल्या. आक्का म्हणजे संजयची थोरली बहीण. त्यांच्या घरातच चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. ते सुनेवर सोपवून त्या आल्या होत्या. पिशवी ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "बरं वाटंस्तोवर मी ऱ्हातो हितं. काय बोलायचं न्हाय." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'येतो, ऱ्हातो'च म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना सगळ्यांदेखत विचारलं, "ताट-तांब्या येगळा ठेवायचा काय ओ हिचा?"

मी मान खाली घातली. हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाच्या मनात होता, विचारला फक्त आक्कांनी. डॉक्टर हसले नाहीत. "फुप्फुसं स्वच्छ आहेत. यांच्यापासून कुणाला काही होणार नाही. एका ताटात जेवलात तरी चालेल."

"मग झालं की," आक्का म्हणाल्या, आणि घरी आल्यावर खरोखरच माझ्या ताटातली भाकरी मोडून त्यांनी तोंडात घातली.

चार औषधं होती: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. शिवाय बी-सिक्स या जीवनसत्त्वाची एक छोटी गोळी. ही नावं मी वर्गात कितीदा फळ्यावर लिहिली होती. विषमचक्रीय संयुगं हा माझा आवडता धडा. कार्बनच्या अणूंचं एक कडं असतं. त्यातला एखादा कार्बन काढून तिथं नायट्रोजनसारखा वेगळा अणू बसवला की कड्याचा सगळा स्वभाव बदलतो. त्या नायट्रोजनमुळे ते शरीरातल्या रेणूंना धरू शकतं, त्यांच्या खाचेत बसू शकतं. आपल्या रक्ताचा लाल रंग, आपली जनुकं, कितीतरी जीवनसत्त्वं असल्याच कड्यांवर उभी आहेत. औषधांचा तर मोठा भाग यांचाच. हे सगळं मी परीक्षेला येतं म्हणून शिकवत होते. आता त्यातलीच कडी पाण्याबरोबर गिळत होते.

आक्कांना मात्र पटत नव्हतं. "गोळी गिळली की पोटात जाणार. पाठीत कशी जाती पण?"

"रक्तातून जाते, आक्का. आणि गंमत म्हणजे ही आयसोनियाझिड गेल्या गेल्या काही करत नाही. टीबीचा जंतूच तिला आपल्या रसानं फोडून जागी करतो. मग ती त्याचं मेणाचं कवच तयार होऊ देत नाही."

"म्हंजे त्येचं मरान त्येनंच उघडलं म्हन की!" आक्कांना हे फार आवडलं. पुढं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं.

महिने जात राहिले. पाठीला कडक पट्टा होता, बराचसा वेळ झोपूनच. लघवी केशरी व्हायची. ती रिफाम्पिसिनमुळे होते, घाबरायचं कारण नाही. सकाळच्या गोळ्यांनी मळमळायचं, पण ताप गेला, भाकरीला चव आली. मी घरातल्या घरात चालायला लागले.

आणि मग पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या.

आधी दोन्ही अंगठ्यांना, मग तळव्यांना. तळवे चुलीजवळ धरल्यासारखे भाजायचे. फरशी पायाखाली आहे की नाही, नीट कळेना. मी कुणाला न सांगता काही दिवस काढले, कारण डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घट्ट बसलं होतं: पायातली ताकद कमी व्हायला लागली तर ऑपरेशन. आक्कांनी मला भिंतीला धरून चालताना पाहिलं.

"पायाला काय झालंय?"

"काही नाही."

"न्हाय कसं? बग माझ्याकडं." मी बघितलं आणि रडू फुटलं. त्यांनी तिथूनच हाक मारली, "संजय, गाडी काढ!"

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. गुडघ्यावर, घोट्यावर रबरी हातोडी मारली. तळव्यावर चावी ओढली. डोळे मिटायला सांगून अंगठा वर आहे की खाली, ते विचारलं. मग म्हणाले, "आजच एमआरआय करून घेऊ."

त्या यंत्राच्या खडखडाटात मी पडून होते आणि मनातल्या मनात पाय हलवत होते. नंतर बाहेरच्या बाकावर आक्कांनी माझी पावलं मांडीवर घेतली. माझी चप्पल त्यांनी हातातच धरली होती. संजय एका खांबाला टेकून नुसते उभे होते.

आत बोलावलं. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. "हे आधीचं, हे आजचं. पू जवळजवळ गेला. मज्जारज्जू मोकळा आहे. ताकदही पूर्ण आहे."

"मग पाय?"

"ते आजारानं नाही, औषधानं झालंय. याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात, म्हणजे हातापायांच्या टोकाकडच्या नसांचा त्रास. आयसोनियाझिड शरीरातलं बी-सिक्स ओढून बाहेर घालवते. काहींच्या यकृतात तिचं विघटन हळू होतं, त्यांना जास्त त्रास होतो. तुमचं खाणंही कमी झालं होतं. लहान गोळी पुरली नाही. डोस वाढवू या."

मी टेबलावरच्या कोऱ्या कागदावर आयसोनियाझिड आणि बी-सिक्स, दोन्हींची रचना काढली. पाच कार्बन आणि एक नायट्रोजन, पिरिडीनचं तेच कडं दोन्हीत. एक जंतू मारणारं आणि माझ्या नसा जाळणारं, दुसरं त्या नसा वाचवणारं. फरक फक्त कड्याच्या कोपऱ्यांवर काय लटकलंय एवढाच. आयुष्यभर शिकवून हे मला कधी असं दिसलं नव्हतं.

"ऑपरेशन न्हाय न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"नाही."

"मग ती कागदावरची चित्रं ऱ्हाऊ दे. चला, चा प्यायला."

पायांची आग काही आठवड्यांनी कमी झाली. अंगठ्याला थोडा बधिरपणा अजून आहे, राहील कदाचित. वर्षभराहून जास्त गोळ्या घेतल्या, एकही दिवस न चुकवता, आणि शेवटी डॉक्टरांनी त्या थांबवल्या. तुम्ही या वाटेवर असाल तर मुंग्या, पिवळे डोळे, धूसर दिसणं, काहीही वाटलं तरी लगेच सांगा. मनानं गोळ्या बंद करू नका आणि मनातच भीतीही ठेवू नका.

परवा तपासणीला गेले होते. बाकावर आजऱ्याकडची एक बाई बसली होती, पाठीला नवा कोरा पट्टा. हातात एमआरआयचं पाकीट छातीशी धरलेलं. माझं काय झालं होतं, ते तिनं विचारलं. मी सांगितलं.

"तुमचं बी मणक्याचंच? आणि चालता येतंय?"

मी पर्स तिच्याजवळ ठेवली, उठले, दारापर्यंत चालत गेले आणि परत आले.

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आनी एकदा चाला की."

मी पुन्हा चालले.