वरच्या मजल्यावरचा बार

आमच्या घरातली दारूची भांडी माझी होती, नवऱ्याची नव्हे. सासरच्या कुणालाच हे कधी पचलं नाही. मी तंत्रनिकेतनात मशीन ड्रॉइंग शिकवते. जुन्या कारखान्यातली वस्तू दिसली की माझे पाय आपोआप थांबतात. मैत्रिणी सराफ्यात जातात, मी नागपूरच्या इतवारी बाजारात भंगारवाल्यांच्या गल्लीत जाते.

बंद पडलेल्या एका कापड गिरणीतली, सुताच्या कांड्या वाहायची लोखंडी गाडी मला तिथेच मिळाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर बसून मी तिचा गंज घासून काढला आणि वर सागाची फळी बसवली. त्यावर बाटल्या ठेवल्या. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर पाण्याचे जाड पाइप जोडून मांडणी केली. तिच्यावर जाड बुडाचे ग्लास, पितळी पेग मेजर, लिंबू पिळायचं बिडाचं दांडीवालं यंत्र. सगळ्यात लाडका होता सोडा सायफन, तारेच्या जाळीत बसवलेली जुनी जाड काचेची बाटली. वरची दांडी दाबली की सोडा फुसकन ग्लासात यायचा. रविवारी संध्याकाळी मी आणि नवरा तिथे बसून एखादा पेग घ्यायचो. कधी नुसतं लिंबू-सोडा.

खालच्या मजल्यावर मोठे दीर, जाऊबाई, पुतणी आणि सासूबाई राहतात. दीर वर आले की त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. "बाईमाणसाच्या हौशी काय, बारचं सामान," असं सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलायचे. मी मनावर घेत नसे. आपल्या घरात आपली भिंत आहे, असं मला वाटायचं.

परीक्षेच्या कामासाठी मी काही दिवस अमरावतीला गेले होते. परत आले, दार उघडलं आणि समोर उघडी भिंत. पाइप उपटलेल्या जागी भोकं पडली होती, आणि खाली झाडून न काढलेला चुना.

नवरा स्वयंपाकघरात चहा करत होता. "पोरीले पाहायले रामटेकचे पाहुणे आले होते," तो वळून न बघता म्हणाला. "दादा म्हणे, ते वर घर पाहायले येतीन. त्याईले हे दिसलं तर बरं नाही वाटणार."

"मग कुठे आहे?"

"दादाले मालूम. खाली नेलं त्यानं."

"आणि तू काय केलंस?"

"जाऊ दे ना. लग्नाचं काम आहे."

त्या 'जाऊ दे ना'ने माझं डोकं जेवढं फिरलं, तेवढं भिंत बघूनही फिरलं नव्हतं. माणूस घरात होता. त्याच्या डोळ्यांदेखत पाइप उपटले आणि हा बहुतेक तेव्हाही चहाच करत होता.

मी खाली गेले. दीर पेपर वाचत होते.

"भाऊजी, माझं सामान?"

"कबाड्याले देऊन टाकलं," ते म्हणाले. "लोखंडच तर होतं. काहून इतकी चिडून राहिली? पोरीच्या लग्नापेक्षा मोठं आहे काय ते?"

पुतणी दारात उभी होती. तिची मान खाली गेली. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. घर साफ झालं."

पुढचे कितीतरी दिवस कॉलेज सुटलं की मी इतवारीत जात होते. सगळे दुकानदार ओळखीचे. माझी गाडी म्हटलं की त्यांना लगेच कळायचं. कुणाकडेच ती आली नव्हती. एकाने तर मलाच समजावलं, "मॅडम, तशी गाडी आली असती तर मी तुम्हालेच फोन केला असता ना." घरी मी नवऱ्याशी कामापुरतं बोलत होते. रविवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसणं बंद झालं.

दरम्यान लग्न ठरलं. त्या आनंदात दिरांनी दोन्हीकडच्या मंडळींना शेतावर जेवायला बोलावलं. कळमेश्वर रस्त्यावर त्यांचं शेत आहे. त्यात दोन खोल्या बांधल्यापासून ते त्याला फार्महाऊस म्हणतात. बायका पुढच्या ओसरीत, पुरुष मागच्या खोलीत. मागून मटणाचा वास आणि हसणं येत होतं. जाऊबाईंनी माझ्या हातात पापडांचं ताट दिलं आणि ते मागे नेऊन द्यायला सांगितलं.

मी दारातच थांबले. खोलीच्या मधोमध माझी गाडी. फळीवर दिरांच्या बाटल्या, ओल्या ग्लासांचे गोल डाग. भिंतीवर माझेच पाइप, वाकडे लावलेले. दीर सायफनची दांडी पुन्हा पुन्हा दाबून व्याह्यांच्या ग्लासात सोडा सोडत होते आणि सांगत होते, "अँटिक आहे. असं नागपुरात कोणाजवळ नाही. मी शोधून शोधून जमवलं."

व्याही कौतुकाने ग्लास फिरवून पाहत होते. याच माणसाला माझी भिंत दिसली तर बरं वाटणार नाही म्हणून ती उघडी केली होती. नवरा कोपऱ्यात बसला होता. त्याच्याही हातात माझाच ग्लास होता. मला पाहून त्याने तो खाली ठेवला.

मी ताट जमिनीवर ठेवलं. व्याह्यांना म्हणाले, "तुम्ही सावकाश संपवा. संपला की ग्लास मला द्या. हे सगळं माझं आहे, माझ्या घरातून आणलेलं. मी ते आज घेऊन जाणार आहे."

"तू बाहेर जा," दीर म्हणाले. "पाहुण्यांसमोर तमाशा नको करू."

"पाहुण्यांसाठीच काढलं होतं ना, भाऊजी? मग त्यांच्यासमोरच नेते."

व्याह्यांनी एकदा दिरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आमाले तर याईनं दुसरंच सांगितलं," ते म्हणाले. त्यांनी उरलेला घोट घेतला आणि ग्लास माझ्या हातात दिला.

फाट्यावरून मी मालाचा टेम्पो बोलावला. पाइप माझे मीच पान्याने सोडवले, पान्याची मला सवय आहे. पुतणी आत आली. साडीचा पदर खोचून तिने ग्लास धुतले आणि पेपरात गुंडाळायला लागली. बापाने हाक मारली तरी ती उठली नाही. नवरा गाडीचं एक टोक धरायला पुढे आला. "राहू दे," म्हटलं, आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

सायफनचं तोंड दिरांनी नेताना आपटून तडकवलं होतं. आता त्यातून सोडा येत नाही, झिरपतो. तसलं तोंड मला अजून कुठे मिळालेलं नाही.

लग्न झालं, थाटात झालं. व्याह्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. दीर मात्र नातेवाइकांना सांगत फिरले की मी पोरीचं लग्न मोडायला निघाले होते. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. नवऱ्याने माफी मागितली, तीही दादा खाली नसताना, हळू आवाजात. मी म्हटलं, हेच जिन्यात उभं राहून मोठ्याने म्हण. अजून तरी तो म्हणालेला नाही. पाइप मी त्याच भिंतीवर पुन्हा लावलेत. रविवारी मी तिथे एकटीच बसते आणि दार उघडं ठेवते. खालून कुणी जिना चढलं तर आधी तीच भिंत दिसावी.