अडीच छटाकांचं उत्तर

एकनाथराव देगलूरकर शेराचे ग्राम करायला शिकले आणि तिथेच अडकले. नल्लकुंट्यात वाढलेला, वजनमापांच्या कचेरीतला साधा कारकून माणूस. घरी मराठी, शाळेत उर्दू, गल्लीत तेलुगू. म्हणून नवी वजनं आली तेव्हा साहेबांनी त्यांनाच अफझलगंजच्या बाजारात टेबल टाकून बसवलं. टेबलावर कोरी करकरीत लोखंडी वजनं, मागे भिंतीवर भला मोठा तक्ता. तक्त्याकडे ढुंकूनही कोणी बघायचं नाही.

"अजी साब, अदपाव जीरा कित्ते ग्राम होता?"

"एक सौ सत्रा, अम्मा."

"हौर पावशेर?"

"दो सौ तैंतीस."

प्रश्न संपायच्या आत उत्तर. पलीकडचे किराणेवाले तराजू हातात धरून एकनाथरावांच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि ते बोलले की वजन टाकायचे. "साब घड्याळापेक्षा तेज आहेत," म्हणायचे. साब ओशाळं हसायचे. या कौतुकाचा त्यांना वीट आला होता.

कारण घरी कुलूप होतं. छप्पन साली हैद्राबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा सावित्रीबाई, त्यांची बायको, मुलींच्या सरकारी शाळेत मराठी शिकवत. त्यांचं माहेर नांदेडचं. बदलीचा हुकूम आला तो नांदेडचाच. एकनाथरावांचा जन्म हैद्राबादचा, खातंही वेगळं. त्यांना इथेच ठेवलं. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्यात. लेक निर्मला आईबरोबर गेली. सणासुदीला आली की बापाला "अहो" म्हणून हाक मारायची, पाहुण्याला मारावी तशी. एकनाथराव बरकतपुऱ्याच्या खाणावळीत जेवत आणि बदलीचे अर्ज करत.

साठ साली एकदाची वाट फुटली. नांदेडच्या कचेरीतल्या एका तेलुगू कारकुनाला हैद्राबादला यायचं होतं. अदलाबदल वरून मंजूर झाली. राहिली फक्त इथल्या साहेबांची, अप्पारावांची सही. अप्पाराव माणूस वाईट नव्हते, पण बाजाराला भीत होते.

"जाओ ना, कौन पकड़ा तुमको?" ते म्हणाले. "लेकिन बाजार मेरे गले में डालके नक्को जाओ. नवा कारकून फाइली बघेल. टेबलावर कोण बसेल? तुमारे सरीका एक आदमी तैयार करो, दूसरे दिन चले जाओ."

एकनाथरावांनी चादरघाटचा अंबाजी निवडला. नुकताच नोकरीला लागलेला, अबोल, डोक्याने चांगला. त्याला टेबलामागे बसवून त्यांनी त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं. "तोळा साडेअकरा ग्रामच्या वर थोडा. पाच तोळ्यांचा छटाक, म्हणजे अठ्ठावन्न. सोळा छटाकांचा शेर, म्हणजे नऊशे तेहतीस. हिशोब मांडत बसू नकोस रे, जिभेवर बसव."

"जिभेवर बसायला तुमच्याइतकी वर्षं लागतील, राव."

"तेवढी नाहीत माझ्याकडे. लवकर बसव."

अंबाजीचं उत्तर बरोबर यायचं, पण जरा थांबून यायचं. ओठ हलायचे, बोटं टेबलावर फिरायची, मग आकडा. चालण्यासारखं होतं.

परीक्षेच्या दिवशी अप्पाराव स्वतः बाजारात आले आणि चिंचेच्या पोत्याला टेकून उभे राहिले. एकनाथराव अंबाजीच्या मागे. त्यांनी तोंडात सुपारीचं मोठं खांड धरलं होतं, बोलायचंच नाही म्हणून. कोणीतरी शेराचं विचारलं, अंबाजीने सांगितलं. कोणी दीड पावाचं विचारलं. ओठ हलले, "साडेतीनशे." अप्पारावांनी मान डोलावली. एकनाथरावांच्या डोळ्यांपुढे काचीगुड्याचं फलाट आलं, नांदेडची गाडी, खिडकीजवळची जागा.

तेवढ्यात बुरखा मागे टाकलेली एक म्हातारी पुढे आली. "बेटा, बिर्यानी का मसाला होना. अढाई छटाक. कित्ता बोलूँ इसको?"

अंबाजीचे ओठ हलले. बोटं फिरली. बाजार थांबला. म्हातारीने अंबाजीकडे बघितलं, मग नेहमीच्या सवयीने मागे एकनाथरावांकडे. अंबाजी तोंड उघडतच होता.

"एक सौ छियालीस, अम्मा," एकनाथराव बोलून गेले.

सुपारी गालात तशीच होती. म्हातारी दुवा देत किराणेवाल्याकडे वळली. अंबाजीने मान खाली घातली. "मी सांगतच होतो, साहेब," तो पुटपुटला. पण अप्पाराव मोठ्याने हसत होते. "देखे? बाजार इनकोच पूछता. आणि हे स्वतःच उत्तर देतात! मैं क्या करूँ मियाँ? पुढच्या साली बघू."

पुढच्या सालापर्यंत नांदेडचा कारकून थांबणार नव्हता. त्याला अदलाबदलीला दुसरा जोडीदार मिळाला आणि तो महिन्याभरात हैद्राबादला येऊन हजरही झाला.

दिवाळीच्या सुटीत सावित्रीबाई आल्या. परतीच्या दिवशी एकनाथराव त्यांना पोचवायला काचीगुड्याला गेले. निर्मलाला खिडकीशी बसवून त्या दारात आल्या.

"गप्प का नाही राहिलात हो? एवढा एक दिवस?"

"तिने विचारलं ना," एकनाथराव म्हणाले. "माझ्याकडे बघून विचारलं."

"मीही विचारतेच आहे की, घरी कधी येणार म्हणून. माझ्याकडे बघून एकदा तरी असं झटकन बोलून जा."

एकनाथरावांनी तोंड उघडलं. शिट्टी झाली. सावित्रीबाईंनी दांडी धरली, पदर खोचला आणि आत जाऊन लेकीशेजारी बसल्या. डबे सरकू लागले तरी ते तोंड उघडं ठेवूनच उभे होते.