खुराकाचा डबा

"वास घ्या, वास! हे खाऊन ही कबड्डी खेळणार!"

सरांनी माझा उघडा डबा पोरींच्या नाकासमोरून फिरवला. रोह्याच्या मैदानावर तालुक्याच्या टीमचा सराव चालला होता. आदल्या दिवशी सर खुराकावर बोलले होते. खेळणाऱ्या अंगाला नुसता भात पुरत नाय. मटण-अंडी खा. उद्या डब्यात आणा, मी बघणार.

मी घरी तसंच सांगितलं. आय हरखली. भातकापणी झालेली. कुदळ घेऊन बांधावर गेली, अंधार पडेस्तोवर बिळं खणली. भात खाऊन लठ्ठ झालेले शेतातले उंदीर. आमच्या कातकरवाडीत हेच मटण. तिनं विस्तवावर भाजून मीठ-मिरची लावली. स्वतः चाखलंसुद्धा नाय. "खा गो पोरी, आंगात जोर येल."

मैदानावर सरांनी विचारलं, कसलं मटण? मी खरं ते सांगितलं. यात लाजायचं काय, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी डबा कुंपणाबाहेर पालथा केला. कुत्री धावली. माझ्या आयेची सगळी मेहनत कुत्र्यांनी खाल्ली.

मग खेळ. मी चढाईला गेले. एकीनंही धरलं नाय. नाक दाबून मागं सरकल्या, फिदीफिदी हसल्या. पुन्हा गेले, पुन्हा तेच. शिवून परत येत होते, गुण मलाच मिळत होते.

सर म्हणाले, "सगळ्यांसमोर कान पकड. असलं परत खाणार नाय म्हण. तरच टीममध्ये घेतो."

टीम मला पाहिजे होती. आयेशपथ, पाहिजे होती! हात कानापर्यंत गेलासुद्धा. तेवढ्यात आयेची बोटं आठवली, नखांत माती भरलेली. हात खाली आला.

"नाय पकडणार. तुम्हीच म्हणालात मटण आणा. आमचं हेच मटण हाय."

"मग चालती हो."

हलले नाय. मधल्या रेषेवर जाऊन उभी राहिले. "चढाई माझी हाय. या, धरा मला!"

कोण पुढं आलं नाय. सरांनी सराव मोडला. टीममध्ये मला घेतलं नाय.

घरी आयेला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "परत भाकरीच ने गो, बाय."

"नाय. तू भाजशील तेच नेणार."

आता मी पेणच्या मंडळाकडून खेळते. सामन्याआधी मैदानाच्या कडेला बसून डबा उघडते, सगळ्यांच्या देखत. समोर कधी त्याच सरांची टीम असते. खुशाल नाकं दाबा. जिंकायचं असेल तर मला धरावंच लागेल. दोन्ही हातांनी.