चिमूटभर भूस

पुंजाजीभाऊ तूर उपणायला उंच, तीन पायांच्या तिवईवर चढण्याआधी चिमूटभर भूस हातात घेत, डोळ्यांसमोर धरून सोडत आणि ते कुठे जाऊन पडतं हे शेवटपर्यंत पाहत. मग तिवई थोडी फिरवत. मळणीयंत्र आल्यावरही घरच्या खाण्याची तूर ते अशीच उपणत. "यंत्राले घाई असते बाई, आपल्याले काऊन?" म्हणत.

नील, तू त्यांना कधी भेटला नाहीस. धामणगाव बढ्याचं आपलं शेत त्यांनी तीस वर्षं सांभाळलं. उंच, सावळे, बोलताना समोरच्याकडे न पाहता झाडांच्या शेंड्यांकडे पाहत. मी शाळेत शिकवायचे म्हणून मला 'बाई' म्हणत. समुद्र त्यांनी कधीच पाहिला नव्हता.

तुझ्या इराताईने श्रीलंकेला जायचं ठरवलं. सकाळी लाटांवर सर्फिंग, दुपारी काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळी चालवायची. आखणी अर्थात माझ्याकडे. मी रकाने आखले: पासपोर्ट, विमान, विमा, भरतीच्या वेळा, वाऱ्याचा वेग. इराचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा पुंजाजीभाऊ तुरीचं पोतं टेकवून ओसरीवर चहा पीत होते.

"आजी, पतंगासाठी मस्त किनारा सापडलाय! गर्दी नाही, बोटी नाहीत, पाणी एकदम सपाट. मी एकटीच असेन."

पुंजाजीभाऊंनी कप खाली ठेवला. "वारा कोनीकडून येते तिथं?"

"जमिनीकडून, आबा. म्हणून तर लाटा नाहीत."

"मंग भूस पान्यात चाल्लं. तुले वापस कोन आनन?"

"अहो, पतंगाची दोरी माझ्या हातात असते!"

"दोरी तुह्या हातात. वारा कोनाच्या हातात हाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या कागदावर काय लिवलं?"

माझ्या कागदावर वेग होता. दिशा नव्हती. मुलांच्या वह्यांत राहून गेलेलं शोधण्यात माझी सगळी नोकरी सरली होती.

इरा चिडली. "आबा, तुम्ही समुद्र तरी पाहिलाय का?"

"नाही पाह्यला पोरी. वारा पाह्यला."

मी तिकिटं काढायची थांबवली. चार दिवस इराचा फोन नाही. पाचव्या दिवशी आला. तिने तिथल्या एका शिकवणाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, असा वारा असला तर सोबतीला बोट असल्याशिवाय मीसुद्धा पाण्यात उतरत नाही. मग आम्ही दुसरा किनारा शोधला, वारा तिरपा जमिनीकडे येणारा. शिकवणाऱ्यांची बोटही तिथे होती.

तिथून तिने व्हिडिओ पाठवला. पतंगाचं पुंजाजीभाऊंना फार कौतुक वाटलं नाही. त्यांनी सुरुवातच मला तीनदा लावायला लावली. इरा वाकते, चिमूटभर कोरडी वाळू उचलते, सोडते आणि पाहत राहते.

"पाह्यलं का बाई," ते म्हणाले, "खाली पडेलोक, शेवटपर्यंत पाह्यलं तिनं."

गेल्या पौषात पुंजाजीभाऊ गेले. त्यांची तिवई मी ओसरीवर आणून ठेवली आहे. माझ्या कुंड्या तिच्यावर ठेवायला मात्र मन होत नाही.

आता तूही त्याच किनाऱ्यावर निघाला आहेस. यादी सोबत पाठवते. पहिली ओळ पुंजाजीभाऊंची आहे. पासपोर्ट दुसऱ्या ओळीत आहे.